वेणांचा इतिहास : मांगवाडा, भोर घाट आणि मावळातला दवाखाना

इतिहास हा माझा अध्यापनाचा विषय आहे. मावळ तालुक्यातल्या एका महाविद्यालयात गेली नऊ वर्षे मी तो शिकवते. मावळ म्हटले की वर्गातली मुले लोहगड, विसापूर, राजमाची ही नावे धडाधड सांगतात. मावळे कोण होते हे त्यांना ठाऊक असते. त्या मावळ्यांना जन्म देणाऱ्या बाया कुठे बाळंत झाल्या, कुणाच्या हाताने झाल्या आणि किती दगावल्या, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात बसत नाही. वेदनेला इतिहास असतो हेच आपल्याकडे मान्य नाही. बाळंतपणाच्या कळा निसर्गाच्या, नशिबाच्या, सटवाईने कपाळी लिहिलेल्या! आणि जी गोष्ट एकदा निसर्गाची ठरली तिचे कारण विचारायचे नसते, तिच्यासाठी कुणाला जबाबदार धरायचे नसते. जातीच्या बाबतीत हाच युक्तिवाद आपण शतकानुशतके ऐकत आलो आहोत. म्हणून तो दुसरीकडे कुठे ऐकू आला तरी आपले कान टवकारले पाहिजेत.

दोन सनांपासून सुरुवात करते.

७ एप्रिल १८५३ रोजी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाचे आठवे अपत्य जन्माला आले. जॉन स्नो या डॉक्टराने रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म टाकून राणीला ते हुंगायला दिले. एकंदर ५३ मिनिटे हा प्रकार चालला. राणीला आराम वाटला, मूल सुखरूप जन्मले. चार वर्षांनी, १८५७ साली, शेवटच्या बाळंतपणात तिने पुन्हा क्लोरोफॉर्म घेतले. त्याआधी सहा वर्षे या गोष्टीवर युरोप-अमेरिकेत वाद पेटलेला होता. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने १८४७ साली आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म बाळंतपणात वापरले, तेव्हा बायबलातला शाप पुढे केला गेला : स्त्रीने वेदनेतच लेकरे प्रसवावीत अशी देवाची आज्ञा आहे, ती डॉक्टराने कशी मोडावी? सिम्प्सनने त्याच ग्रंथातून उत्तर दिले. आदामाची बरगडी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोप आणलीच होती ना! धर्मगुरूंचा हा विरोध पुढच्या लेखकांनी फुगवून सांगितला, असे अलीकडचे संशोधक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. खरा विरोध डॉक्टरांतूनच अधिक होता. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मीग्ज यांना कळा म्हणजे निसर्गाची इष्ट शक्ती वाटत होती. त्या शक्तीचा अनुभव त्यांना कधी घ्यावा लागणार नव्हता, हे सांगायला नकोच.

आता दुसरा सन. १८५५. राणीच्या त्या बाळंतपणाला दोन वर्षेही धड झालेली नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आपल्या चळवळीत सर्वांना परिचित आहे. आम्हांला धर्म कोणता ते कळू दे, हा तिचा सवाल सभासंमेलनांतून वारंवार ऐकवला जातो. परंतु त्याच निबंधात बाळंतपणाविषयी जे आहे त्याच्याकडे आपले वक्ते सहसा वळत नाहीत. मुक्ता सांगते की आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसते. थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांचे काय होत असेल याचा विचार वाचणाऱ्याने आपल्या स्वतःच्या अनुभवावरून करावा, असे ती म्हणते. आणि बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा आणायचा कुठून, असे विचारते.

या मजकुराचे महत्त्व मला फार वाटते. मुक्ताने दया मागितलेली नाही. तुमच्या घरातली बाळंतीण आठवा आणि तोच माप आमच्या बाईला लावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. दोन शरीरांच्या वेदना सारख्याच आहेत हे तिने गृहीत धरले. साधी गोष्ट वाटते. पण तिच्या काळातल्या विद्वानांना ती मान्य नव्हती.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय वैद्यकात एक समज पक्का रुजला होता. सुधारलेल्या, सुखवस्तू घरच्या स्त्रीला वेदना जास्त होतात. रानटी, काळ्या, कष्टकरी स्त्रीला कमी. ती झाडाखाली बाळंत होते आणि उठून कामाला लागते! या समजुतीने काय केले ते अमेरिकेत पाहावे. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी येथे मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टराने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय फाटून ज्यांना सतत लघवी गळण्याचा आजार जडला होता अशा त्या बाया. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतल्या तिघींची नावे आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि ती भूल न देता झाली. १८४६ पासून ईथरची भूल ठाऊक झालेली होती. सिम्सला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवण्यात आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडावे लागले. हा समज मेला आहे असेही कुणी समजू नये. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा काळ्या माणसाची कातडी जाड असते यांसारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी निम्म्या जणांना खरी वाटत होती.

आपल्या मावळात हाच समज कौतुकाच्या भाषेत नांदतो. “कातकरणी, ठाकरणी काय काटक हो! लावणी करता करता बांधावर बाळंत होतात!” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे, एस.टी.त ऐकले आहे आणि एका सुशिक्षित समाजसेविकेच्या तोंडूनही ऐकले आहे. बांधावर बाळंत होणारी बाई काटक असते म्हणून तिथे बाळंत होत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ती बांधावर असते. कौतुकाच्या आड मजुरीचा हिशेब दडवण्याची ही कला फार जुनी आहे.

किती जुनी, ते पाहायला लांब जायला नको. लोणावळ्याहून खाली उतरणारा भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. पंचवीस बोगदे, सदतिसास एक असा चढ, हे आकडे रेल्वेच्या इतिहासात अभिमानाने दिलेले असतात. १८६१ च्या सुमारास या घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते आणि त्यांत बाया होत्या, पोरे होती. पटकी आणि ताप यांनी माणसे हजारोंनी मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर काही दिवसांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. इंग्रज बाईचे हे कर्तृत्व मोठेच आहे, ते मी नाकारत नाही. परंतु दोन-तीन वर्षे चाळीस हजारांची वस्ती डोंगरावर नांदते, तिथे बाया पाटीने दगड-माती वाहतात, म्हणजे तिथे बाळंतपणे झालीच असणार. दगडाची ब्रास मोजली गेली, सुरुंगाची दारू मोजली गेली. खंडाळ्याच्या पावसात पालाखाली ज्या बाया मोकळ्या झाल्या त्यांच्यासाठी मुक्ताचा निबंध हाच एक दस्तऐवज धरावा लागतो.

मग आमच्या बायांना वेणांतून उतारा द्यायला होते कोण? सुईण. आणि सुईण कोण? महाराष्ट्रात अनेक गावी ती मांगाची किंवा महाराची बाई असे. येथे मला घरचे सांगितले पाहिजे, कारण माझी आजी सुईण होती. पवन मावळातल्या आमच्या गावात पाटलाच्या वाड्यापासून कातकरवाडीपर्यंत सगळीकडे तिला बोलावणे येई. एरवी वाड्याच्या ओट्याला तिचा पदर लागलेला चालत नसे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन गडी आला की मात्र तीच माजघरात जाई. बाईला उकिडवी बसवून आढ्याला बांधलेला दोर हातात द्यायचा, कमरेला कोमट तेल चोळायचे, कळ आली की माकडहाडावर तळहाताने दाब द्यायचा, कळ गेली की घाम पुसायचा. वार पडली नाही तर बाईचीच वेणी तिच्या तोंडात कोंबून उमळ आणायची. नाळ तोडायची, वार पुरायची, भरलेले कपडे धुवायचे. सुवेर संपला की घर गोमूत्राने शुद्ध! आजीला शिधा, खण, नारळ आणि जुने लुगडे मिळे. आणि पुन्हा ओटा लांबच.

म्हणजे सवर्ण बाळंतिणीला वेणांत जो काही दिलासा मिळत होता तो आमच्या बायांच्या तळहाताचा होता. मात्र आमची बाई अडली तर तिला वाड्यातून कोण येणार होते?

आजीचा मी गौरव करते, पण तिच्याभोवती आरती ओवाळायची माझी तयारी नाही. तिच्या हातून बाया गेल्या, पोरे धनुर्वाताने गेली, हे तीच सांगत असे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (पुस्तकरूपाने १९८६) महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींच्या बाळंतपणाची जी चित्रे आहेत ती वाचून ज्याच्या अंगावर काटा येणार नाही तो माणूस नव्हे. पोटाला अन्न नाही, अंगाखाली धड चिंधी नाही, आणि भोवती जमलेल्या बायांना शरीरशास्त्राचे ज्ञान नाही. आजकाल शहरात ‘पारंपरिक बाळंतपणा’चे कौतुक वाढले आहे. ते ज्यांना करायचे त्यांनी ही पाने आधी वाचावीत. दुसऱ्या बाजूला, १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १९०३ साली लेडी कर्झन यांनी सुईणींच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला, आणि त्या काळच्या अहवालांतून सुईण म्हणजे घाणेरड्या हातांची अडाणी बाई असे चित्र रंगवले गेले. हात घाणेरडे होते हे खरेच. पण ज्या हातांना गावच्या विहिरीचे पाणी मिळत नव्हते ते स्वच्छ राहणार कसे, हा प्रश्न त्या अहवालांना पडला नाही. १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र असा होता. अपवाद पुन्हा फुल्यांच्याच घरी सापडतो. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना गुपचूप, सुखरूप बाळंत होता यावे म्हणून. शूद्राने ब्राह्मण स्त्रीच्या वेणांची काळजी वाहिली. उलट दिशेने काय झाले?

उलट दिशेने जे झाले ते बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापले गेले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. सवर्ण डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेटची भीड घालून त्याला आणले, तेव्हा त्याने अट घातली की वस्तीच्या आत पाऊल टाकणार नाही. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टराने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. वाचून पुन्हा त्याच वाटेने परत. न्यूमोनिया झाला आहे, एवढे सांगून डॉक्टर गेला. फी दोन रुपये. बाई मेली. विज्ञान तिच्यापासून हाताच्या अंतरावर येऊन उभे राहिले होते. मधले अंतर जातीचे होते.

बाबासाहेबांनी ही हकीकत नोंदवली यामागे त्यांचे स्वतःचे आयुष्यही असावे असे मला वाटते. ते भीमाबाईंचे चौदावे अपत्य. चौदा बाळंतपणे! रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार गेली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा; बाईच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा त्यानेही काही वाटा द्यावा. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला तो कारखान्यातल्या बायांपुरता. बांधावरची बाई बाहेरच राहिली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब हजर नव्हते. त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. त्या भाषणात एक युक्तिवाद असा आहे की बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकही पुरुष एकाहून अधिक मुलाला तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. विधिमंडळात बाईच्या कळा हा युक्तिवादाचा भाग होऊ शकतो, हे त्या दिवशी आपल्या पक्षाने दाखवले होते. नंतर आपण ते धरून ठेवले नाही, ही माझी तक्रार आहे.

इंग्लंडात मात्र त्याच सुमारास गरीब बायांच्या वेदनाशमनाचा प्रश्न सार्वजनिक झाला. १९२८ मध्ये नॅशनल बर्थडे ट्रस्ट फंड निघाला. पंतप्रधानांची पत्नी ल्यूसी बाल्डविन हिने, पैसेवाल्या बाईला मिळणारा आराम मजुराच्या बायकोलाही मिळालाच पाहिजे असा प्रचार केला. १९३३ मध्ये मिनिट या डॉक्टराने वायू आणि हवा यांचे हलवता येणारे यंत्र काढले आणि १९३६ पासून सुईणींना ते वापरायची परवानगी मिळाली. १९४९ मध्ये पार्लमेंटात विधेयकही आले. ते पडले, पण चर्चा झाली.

पाठीतून भूल देण्याची युक्ती या सगळ्याला समांतर वाढत होती. १८९८ मध्ये जर्मनीच्या आउगुस्ट बीअरने कण्यातून भूल दिली. १९२१ मध्ये स्पेनच्या लष्करातला शल्यविशारद फिदेल पाहेस याने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत औषध सोडण्याची पद्धत वर्णिली. हीच एपिड्युरल. १९३१ मध्ये रुमानियाच्या आबुरेलने ती कळांसाठी वापरली, १९४२ मध्ये अमेरिकेत हिंगसन व एडवर्ड्स यांनी औषध सतत चालू ठेवण्याची सोय केली, १९४७ मध्ये क्यूबाच्या कुर्बेलोने बारीक नळी आत ठेवून दिली. पुढे बुपिव्हाकेन हे औषध आले आणि थोड्या मात्रेत काम भागू लागले. बाई शुद्धीवर राहते, बोलते, मूल ढकलू शकते. कळ येते तिचा ताण जाणवतो, पण तिची धार गेलेली असते.

आता मावळात या.

गेली काही वर्षे मी नात्यातल्या, वस्तीतल्या, बचतगटातल्या बायांशी आणि विद्यार्थिनींच्या आयांशी याविषयी बोलत आले आहे. आंदर मावळातल्या, नाणे मावळातल्या, लोणावळ्यात बंगल्यांवर धुणी-भांडी करणाऱ्या आणि चिक्कीच्या कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या. ही पाहणी नव्हे, गप्पाच. एपिड्युरल हा शब्द बहुतेकींनी ऐकलेला नव्हता. “पाठीतलं इंजेक्शन” म्हटले की लगेच डोळे चमकत, पण ते सिझरचे. सिझरसाठी दिली जाणारी भूल बहुधा एकाच टोचणीची असते. ती आवरणाच्या आत जाते आणि पाय बधिर होतात. कळांसाठीची नळी वेगळी, हे कुणी त्यांना समजावलेले नव्हते. “ते घेतलं की कंबारडं जन्माचं जातं, बाई,” हे मी इतक्या जणींकडून ऐकले की आता मोजणे सोडले. “कळा सोसल्याबिगर लेकराची माया लागंल का?” असे एक सासू म्हणाली. तिची सून तिच्या मागे उभी राहून मला नकारार्थी मान हलवून दाखवत होती. एक धाकटी बाई म्हणाली, “आमाला इचारलंच कुणी? आमी गेलो, त्यांनी कळा यायची सुई दिली, झाली मोकळी.”

ही कळा यायची सुई नीट लक्षात घ्यावी. ऑक्सिटोसिनने कळा वाढतात, बाळंतपण लवकर उरकते, खाट मोकळी होते. सेसिलिया व्हान हॉलेन यांनी तमिळनाडूतल्या गरीब बायांचा अभ्यास केला (त्यांचे पुस्तक २००३ चे). त्यांनाही हेच दिसले : कळा वाढवणारे औषध सर्रास, कळा शमवणारे नाही. म्हणजे आधुनिक वैद्यक आमच्या बाईपर्यंत पोचले ते वेदना वाढवणाऱ्या सुईच्या रूपाने. उतारा देणारी सुई शहरातल्या खाजगी रुग्णालयात ‘पेनलेस’ नावाच्या पॅकेजात राहिली. आजीचा तळहातही मधल्या मध्ये गेला. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी एका दवाखान्याच्या टेबलावर उताणी पडले होते, सोबत कुणाला येऊ दिले नव्हते, आणि ओरडले तेव्हा जे टोमणे ऐकले ते या पानावर लिहिण्यासारखे नाहीत. वाचकांतल्या बायांना ते पाठ आहेत. मी तेव्हा एम.ए. होते. टोमण्यांना पदवी दिसत नाही. नाव आणि वस्तीचा पत्ता केसपेपरवर दिसतो.

बदल झालाच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. जननी सुरक्षा योजना (२००५), आशाताई, रुग्णवाहिका यांनी बाया वाचल्या, हे मी वस्तीत पाहते. आजीच्या काळी ज्या गेल्या असत्या त्या आज जिवंत आहेत. पण जीव वाचवला म्हणजे वेदनेचा प्रश्न मिटला, असे सरकारने ठरवले आणि आपणही ते मान्य करून टाकले. त्याच पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरची होती, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. यामागची कारणे अनेक आहेत, दवाखान्यांची कमाई हे एक. पण मुलींशी बोलताना मला आणखी एक दिसते. कळांची भीती इतकी मोठी आणि त्यांवरचा उपाय इतका अज्ञात, की ज्यांच्याकडे पैसे आहेत त्या पोट कापून घेणे पत्करतात. ज्यांच्याकडे नाहीत त्या भीती पोटात ठेवतात.

कंबरेच्या भीतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चाळीसेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी वाढल्याचे आढळले नाही. सिझरचे प्रमाणही वाढत नाही. त्रास मुळीच नाहीत असे नव्हे. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, शेवटचा टप्पा लांबू शकतो, क्वचित काही दिवस तीव्र डोकेदुखी राहते. म्हणूनच ही गोष्ट भूलतज्ज्ञाशिवाय आणि सतत लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेशिवाय करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये, निरोगी गर्भवतीने वेदनाशमन मागितले तर एपिड्युरल द्यावे, अशी शिफारस केली. त्याच दस्तऐवजात सोबतीण, मालीश, ऊब, हिंडण्या-फिरण्याची मोकळीक यांचीही शिफारस आहे. आजी हे सारे फुकट करत होती. बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यावी हे भारत सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्येच मान्य केले आहे. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही, यंत्र लागत नाही. परिचारिकेने दार उघडले की झाले.

कुणी म्हणेल, पाड्यावरून अजून बाईला पावसात झोळीत घालून आणावे लागते आणि तुम्ही एपिड्युरलच्या गोष्टी करता! हा आक्षेप आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने माझ्याकडे घेतला. मी त्यांना विचारले, रस्ता होईपर्यंत शाळा मागायची नाही असे आपण कधी म्हटले होते का? द्रुतगती मार्ग २००२ मध्ये या तालुक्याच्या छातीवरून गेला. तळेगावात १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. साधने मावळात आली आहेत. ती कुणासाठी हा प्रश्न आहे. आणि आधी भाकरी, मग रस्ता, मग बाईची कळ, ही क्रमवारी लावणाऱ्यांत बाळंत झालेले कुणी नव्हते.

यंदा तृतीय वर्षाच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध आम्ही पूर्ण वाचला. बाळंतपणाच्या मजकुराशी आलो तेव्हा एका मुलीने विचारले, “मॅडम, चौदा वर्षांच्या पोरीला हे सगळं कसं ठाऊक?” मी उत्तर द्यायच्या आतच मागच्या बाकावरची, रोज दोन एस.टी. बदलून येणारी मुलगी म्हणाली, “घर एका खोलीचं असलं की ठाऊक होतंच.” मग निबंध बाजूला राहिला आणि मुली आपापल्या घरच्या बाळंतपणांविषयी बोलत राहिल्या. मुले सुरुवातीला खाली मान घालून बसली होती. तास संपताना त्यांतल्याच एकाने विचारले की आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञाचे पद आहे का, भरलेले आहे का, आणि तो आठवड्यातून कोणत्या वारी येतो. हा प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या अर्जात कसा लिहायचा ते आम्ही फळ्यावर लिहिले. अर्जाखाली सह्या करायला नऊ जण पुढे आले, त्यांत सहा मुली.